पीळ

पीळ या शब्दाला मराठीत फारसं बरं कुणी बोलत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आपण कुणाची स्तुती करताना म्हणत नाही. पोटात पीळ पडतो, जीव पिळवटतो, धुणं पिळून वाळत घालतात. मिशांना पीळ देणारा माणूस जरा दुरूनच बरा वाटतो. एक 'पिळदार शरीर' तेवढं कौतुकाचं! या उन्हाळ्यात तीन महिने लेकीकडे अमेरिकेत, ओहायो राज्यात राहून आले आणि या शब्दाचा एक वेगळाच अर्थ पदरात पडला. तिथे एका बंदुकीच्या नळीचा पीळ मोजायचा होता. हो, बंदुकीच्याच! दचकू नका मंडळी, सगळं सविस्तर सांगते.

आमचे व्याही, म्हणजे जावयाचे वडील, गेले त्याला दोन वर्षं झाली. माणूस मितभाषी. उभं आयुष्य यंत्रांच्या कारखान्यात काढलं आणि सुट्टीच्या दिवशी चांदमारी. शिकार वगैरे काही नाही. दूरच्या कागदावर काळं वर्तुळ असतं, त्यात गोळ्या एकीजवळ एक बसवायच्या, एवढाच नाद. एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाची जागा आहे. १९०७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा तिथे भरत आल्या आहेत. व्याही बरीच वर्षं तिथे जात. पदक कधी मिळालं नाही, त्याची खंतही कधी दिसली नाही. त्यांच्या मागे त्यांची ती लक्ष्यवेधी रायफल मुलाकडे आली. सोबत एक वही, पितळी काडतुसं घरी भरायची सगळी आयुधं आणि पन्नास भरलेल्या काडतुसांचा एक डबा.

आता माझ्या मनात काय आलं तेही सांगते, कारण वाचणाऱ्या अर्ध्या नातेवाइकांच्या मनात तेच आलं असणार. मी पस्तीस वर्षं शाळेत काढलेली बाई. नातीच्या शाळेत, गोळीबार झाला तर दिवे मालवून कोपऱ्यात गप्प कसं बसायचं याचा सराव घेतात. हे पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. त्यामुळे घरात बंदूक हे मला रुचलं नाही, आजही रुचत नाही. लेकीनेही नवऱ्याला स्पष्ट अट घातली होती. पोलादी तिजोरी आधी येईल, रायफल नंतर. काडतुसं वेगळ्या कुलपात. त्याने एका शब्दाने वाद न घालता दोन्ही केलं. पण वडिलांची वस्तू विकणार नाही म्हणाला. त्यांनी काय केलं ते मला एकदा नीट समजून घ्यायचंय, म्हणाला. यावर सासूने काय बोलावं?

पाहुण्यांच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला तिथे बंदूक किंवा काडतूस बाळगायला, काही अपवाद सोडले तर, कायद्याने मनाई आहे. ते मला फार सोयीचं झालं! मी कशालाच हात लावणार नाही, फक्त वही-पेन्सिल घेऊन बसेन, असं ठरलं. मी बी. ए. झाले मराठीत, शिकवला इतिहास आणि मराठी, पण पाचवी ते सातवीचं गणितही बरीच वर्षं माझ्याच वाट्याला होतं. आकडे नीट मांडून ठेवायची सवय हाताला आहे.

आधी व्याह्यांची वही वाचली. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक ओळीत गोळीचं वजन, दारूचं नाव, दारूचं माप, कागदावर गोळ्या किती इंचांत बसल्या ते. (दारू म्हणजे बंदुकीची हो! लेकीच्या मामेसासऱ्यांना फोनवर हा खुलासा दोनदा करावा लागला.) पण वहीत तारीख एकही नाही. आणि खणात एका बंदूक-कारागिराचं बिल सापडलं, त्यावर 'नवी नळी बसवली' एवढंच. म्हणजे वहीतली कुठली ओळ जुन्या नळीची आणि कुठली नव्या नळीची? आणि नव्या नळीचा पीळ किती? नळीवर काडतुसाचं नाव कोरलेलं होतं, थ्री-ओ-एट विंचेस्टर, पण पिळाचा आकडा नव्हता. वहीत नाही, बिलावर नाही.

का नसावा? ज्या माणसाने दारूचं माप ग्रेनच्या दशांशापर्यंत लिहिलं त्याने हे का लिहू नये? मला उत्तर माझ्या आईच्या वहीत सापडलं. तिच्या काळ्या मसाल्याच्या पानावर धण्याचं आणि सुक्या खोबऱ्याचं माप आहे, आणि पुढे लिहिलंय, 'बाकी नेहमीप्रमाणे'. ते नेहमीप्रमाणे काय होतं ते आईबरोबर गेलं. आपल्याला जे पाठ असतं तेच आपण लिहीत नाही. विसरण्याची भीती असते ते लिहितो, आणि जे कधी विसरणारच नाही ते आपल्याबरोबर नाहीसं होतं.

असो. तर पीळ म्हणजे काय? रायफलच्या नळीच्या आत स्क्रूसारखे आटे असतात, फार सावकाश वळत जाणारे. गोळी त्यात घट्ट बसते आणि पुढे सरकता सरकता स्वतःभोवती फिरू लागते. एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो, तो त्या नळीचा पीळ. बारा इंचांत एक फेरा तर 'बारात एक'. फिरकी कशासाठी, ते भोवरा खेळलेल्या कुणालाही कळेल. उभा भोवरा फिरत नसेल तर आडवा पडतो, फिरत असेल तर उभा राहतो. लांबट गोळीवर हवेचा जोर जिथे एकवटतो ती जागा तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे असते, म्हणून हवा तिला सारखी उलटवू बघते. फिरकी तिला सावरते. गोळी जितकी लांब तितकी फिरकी जास्त हवी, म्हणजे पीळ जास्त घट्ट हवा.

इतिहासाच्या बाईंना इथे १८५७ आठवल्याशिवाय कसं राहील! त्या चरबीच्या काडतुसांच्या एनफिल्ड रायफलचा पीळ ७८ इंचांत एक फेरा इतका सैल होता आणि नळी ३९ इंचांची. म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम अर्धा फेरा! गोळी आखूड आणि जाड होती, तिला तेवढा पुरे. उलट अलीकडची गोष्ट, १९५५ साली रेमिंग्टन कंपनीने टू-फॉर्टीफोर नावाचं काडतूस काढलं आणि रायफलींना 'बारात एक' पीळ दिला. त्याच वर्षी विंचेस्टरचं तशाच मापाचं काडतूस आलं, त्याला 'दहात एक'. लोकांना लांब, जड गोळ्या मारायच्या होत्या. रेमिंग्टनच्या सैल पिळात त्या नीट स्थिर राहतील याचा भरवसा नव्हता. विंचेस्टरचं काडतूस चाललं, रेमिंग्टनचं मागे पडलं. १९६३ मध्ये कंपनीने नाव बदलून 'सिक्स एमएम' केलं आणि पीळ 'नवात एक' केला. काडतुसात तसं काही वाईट नव्हतं. पीळ आणि गोळी यांची पत्रिका जमली नाही, इतकंच.

आता आमचं मोजमाप. जावयाने आधी रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, मागचा बोल्ट काढून ठेवला. नळी साफ करायची एक सळई असते, तिची मूठ सुटी फिरणारी हवी. सळईच्या टोकाला कापडाचा घट्ट बोळा लावून ती मागून नळीत घातली. बोळा आट्यांत धरला की सळई ढकलताना आपोआप फिरते. सळईला मी सांगितल्याप्रमाणे रंगीत चिकटपट्टीचा एक छोटा झेंडा लावला. झेंडा बरोबर वर असताना एक खूण केली, आणि सळई सावकाश ढकलत झेंडा एक फेरा घेऊन पुन्हा वर आला तेव्हा दुसरी. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पीळ. इतकं साधं! एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही, हे मुलांना जन्मभर सांगितलं, तेच जावयाला सांगितलं. पाच वेळा मोजलं : १२.१, १२.०, १२.४, १२.०, १२.१.

तो सरासरी काढायला निघाला. मी म्हटलं, थांब. चूक कुठल्या बाजूला होते ते आधी बघ. बोळा आट्यांतून घसरला तर सळई कमी फिरते, म्हणजे अंतर जास्तच भरेल, कमी भरणार नाही. त्या १२.४ ला बोळा सैल होता. घट्ट बोळ्याने पुन्हा दोनदा मोजलं, दोन्ही वेळा १२.०. 'बारात एक' हे नक्की झालं. त्याने माझ्याकडे बघून, "आई, तुम्ही फार कडक बाई असणार शाळेत," असं आपल्या मोडक्या मराठीत म्हटलं. मी नाही म्हटलं नाही.

पुढे गणित. १८७९ मध्ये इंग्लंडात वुलिच येथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या ग्रीनहिल नावाच्या प्राध्यापकांनी एक सोपं सूत्र काढलं. गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणा आणि लांबीने भागा, सगळं इंचांत. जो आकडा येईल तेवढ्या इंचांत एक फेरा हवा. आमच्या गोळीचा व्यास ०.३०८. त्याचा वर्ग करून १५० ने गुणलं तर १४.२३. जावयाकडे १६८ ग्रेनची गोळी होती, लांबी १.२२ इंच. उत्तर ११.७. म्हणजे बाराच्या अगदी जवळ. वहीत मात्र जास्त ओळी २०० ग्रेनच्या गोळीच्या होत्या, तिची लांबी १.४२. उत्तर १०.० !

२००५ मध्ये डॉन मिलर यांनी जास्त नेमकं सूत्र दिलं, त्यात गोळीचं वजनही धरतात आणि स्थिरतेचा एक अंक काढतात. तो १.४ च्या वर असला तर चांगलं. १६८ ची गोळी सुमारे १.७ वर आली, २०० ची १.३ च्या आसपास. दोन्ही सूत्रं एकच सांगत होती. ज्या ओळींपुढे २०० ची गोळी कागदावर पाऊण इंचात बसल्याची नोंद होती, त्या बहुधा 'दहात एक' पिळाच्या जुन्या नळीच्या होत्या. आणि त्या पन्नास काडतुसांच्या डब्यावर काय लिहिलं होतं? '२००'.

इथे घरातलं वातावरण जरा बदललं. जावयाच्या मनात होतं की वडिलांनी स्वतःच्या हाताने भरलेली ती शेवटची पन्नास काडतुसं वडिलांच्याच रायफलीतून मारायची. त्याने बोलून दाखवलं नव्हतं, पण डबा तो रोज उघडून बघायचा. नुसता नेम बिघडणार असता तर मीही म्हटलं असतं, मार बाबा. पण प्रश्न नेमाचा नव्हता. दारूचं माप जुन्या नळीत आजमावलेलं. नव्या नळीचा तोंडाकडचा भाग अंमळ आखूड असला तरी आतला दाब वाढतो. या काडतुसाला कमाल दाब ठरवलेला आहे, दर चौरस इंचाला ६२,००० पौंड. मोटारीच्या चाकात असतो ३२ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ दोन हजार पट, आणि तो डोळ्यापासून वीतभर अंतरावर! डबा किती जुना तेही ठाऊक नाही.

माझं लहानपण खडकीत गेलं. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष तिथे कामाला. शेजारचे काका म्हणायचे, माहीत नसलेल्या दारूला माणसाने हात जोडावेत आणि दूर व्हावं. मी जावयाला ते सांगितलं. उपदेश म्हणून नाही, काकांची आठवण म्हणून. तो दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच हातोडीसारखं एक अवजार घेऊन बसला आणि पन्नासच्या पन्नास काडतुसं उकलली. गोळ्या एकीकडे, दारू एकीकडे. ती दारू अंगणापलीकडच्या मोकळ्या जागेत थोडी थोडी पातळ पसरून जाळली. आवाज नाही, स्फोट नाही, नुसती पिवळी ज्वाळा फुस्सकन उठायची आणि विझायची. कोंडली की साठ हजारांचा दाब, मोकळी सोडली की एवढंच. वर्गातल्या काही मुलांची आठवण झाली.

पितळी पुंगळ्या मात्र त्याने टाकल्या नाहीत. जुन्या टोप्या जपून काढल्या, पुंगळ्या साच्यातून काढून नव्या नळीच्या मापाच्या केल्या, लांबी तपासली. वडिलांच्या पुंगळ्या, दारू आणि गोळी आपली. मला ते फार आवडलं.

दारूचे आकडे मी इथे देत नाही. ज्याला हवे त्याने दारूच्या कंपनीचं चालू पुस्तक बघावं, दुसऱ्याच्या वहीतला आकडा उचलू नये. सगळ्या खटाटोपाचं सार हेच तर आहे. पद्धत तेवढी सांगते. टेबलावर एका वेळी एकच दारू. सुरुवात पुस्तकातल्या किमान मापापासून. मग तीन-तीन दशांश ग्रेन वाढवत जायचं. ग्रेन म्हणजे मूळचा जवाचा दाणा. सोनाराची गुंज साधारण दोन ग्रेनची. तीन दशांश ग्रेन म्हणजे वीस मिलिग्रॅमही नाही! एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गोळी तीच, टोपी तीच, पुंगळी तीच. पाच मापं, प्रत्येकी पाच काडतुसं.

शंभर यार्डांवर कागद लावला. मी मागे बाकावर, कानांवर जाड आवरण, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर वही. तो प्रत्येक गोळीनंतर पुंगळी हातात घेऊन टोपी चपटी झाली का बघायचा, बोल्ट जड उघडतो का बघायचा, वेगमापकावरचा आकडा मला सांगायचा. नळी थंड होईपर्यंत थांबायचं. पाच मापांचे नेम असे आले : १.४ इंच, १.१, ०.८, ०.७ आणि पाचव्याला पुन्हा १.२. पाचवं माप पुस्तकाच्या मर्यादेतच होतं, वेगही जास्त होता. पण या नळीला ते मानवलं नाही. चौथ्यावर थांबलो. वेग सेकंदाला २५५० फूट. पीळ एका फुटात एक फेरा, म्हणजे सेकंदाला २५५० फेरे, मिनिटाला १,५३,००० ! हा गुणाकार मी नातीला घालून दिला. तिने उत्तर बरोबर काढलं आणि "मग तिला चक्कर नाही येत?" असं विचारलं.

आपल्याकडचे नेमबाज हे करत नाहीत का, असं पुतण्याने विचारलं. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्य मिळवलं, त्यातलं पॉइंट टू-टू काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही. पण तेही कारखान्याच्या वेगवेगळ्या खेपांची काडतुसं आपल्या नळीतून मारून बघतात आणि जी खेप मानवेल ती घेतात. नळी बदलली की पुन्हा पहिल्यापासून. त्यातून कुणाची सुटका नाही.

माझं बंदुकीविषयीचं मत बदललं का? नाही. निघायच्या दिवशीही तिजोरीचं कुलूप मी ओढून बघितलं. पण एक बघितलं, की वारसा म्हणजे नुसतं जपणं नसतं. वडिलांचे आकडे जसेच्या तसे वापरणं ही भक्ती झाली असती, आणि कदाचित एक डोळा गेला असता. जावयाने त्यांचे आकडे बाजूला ठेवले आणि त्यांची सवय उचलली. सावकाश वाढवायचं, प्रत्येक वेळी बघायचं, बघितलेलं लिहायचं.

येताना मी त्याला एक नवी वही आणून दिली, लाल कापडी पुठ्ठ्याची. पहिली ओळ काय लिहू, म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, तुला जे कधीच विसरायला होणार नाही ते लिही. त्याने तारीख घातली आणि खाली लिहिलं : नळीचा पीळ, बारात एक.